खरी मजा फुडे आसा

लालबागला बाप्पाच्या दर्शनाच्या रांगेत तुम्ही उभे असताना भर दुपारी एका म्हाताऱ्याने तुमच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन लगेच कादंबरी वाचायला सुरुवात केली असेल, तर ते आमचे परबकाका. माझे शेजारी. ग्लास भरणारा मी होतो, त्याबद्दल माफ करा.

"पाणी प्यालेलो माणूस लगेच तोंड फिरवणा नाय," हा काकांचा सिद्धांत. रांग आमच्या चाळीच्या फाटकाला घासून जाते आणि तिथे हमखास अडते. दोन्ही बाजूंना बांबू, पळणार कुठे? काका स्टुलावर चढून खणखणीत आवाजात पहिलं प्रकरण सुरू करायचे. रांग सरकली की ऐकणारे सुटायचे आणि काका त्यांच्या पाठीमागे ओरडायचे, "अरे थांबा, खरी मजा फुडे आसा!" मग नवे लोक, आणि पुन्हा पहिलं प्रकरण. मला ते पाठ झालं होतं. भागा होडीवाल्याची बायको अडलेली असते आणि तो वादळात खाडीपलीकडून सुईण आणायला निघतो. दरवर्षी तो निघायचा. पोचायचा मात्र नाही.

ही कादंबरी प्रकाशकांनी साभार परत केली. एकदा नाही, अनेकदा. तेव्हा काका ताठ होते. "त्यांका समाजणा नाय," म्हणायचे आणि रोज सकाळी गॅलरीत टेबल मांडून दुसरी कादंबरी लिहायला बसायचे. मग कुठून बुद्धी झाली कोण जाणे, रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच पुस्तक छापलं. कव्हरवर स्वतःचा फोटो, प्रकाशक म्हणून काकूंचं नाव. काही दिवस काका छाती काढून फिरले. "आमचे प्रकाशक बाजारात बांगडे आणूक गेलेत," असं दारातूनच सांगायचे. गठ्ठे त्यांच्या खोलीत मावेनात, तेव्हा ते माझ्या पलंगाखाली आले. मला विचारून आले असं नाही.

मग वाटप. बारशाला गेले, पुस्तक. साखरपुड्याला गेले, पुस्तक. एकदा तर तेराव्याला! आणि आठवड्याने काका दारात हजर, "खंयसर इलंस?" कोणीच कुठपर्यंत आलेलं नसायचं. लोक मागचा जिना वापरायला लागले. मीही वापरला असता, पण माझी खोली नेमकी त्यांच्या भिंतीला लागून.

आणि एक दिवस गॅलरीतलं टेबल आत गेलं ते गेलंच. कोणी छापत नव्हतं तेव्हा हा माणूस रोज लिहायचा. स्वतः छापलं आणि लिहिणंच बंद पडलं. आधी दोष द्यायला प्रकाशक होते. आता प्रकाशक आत भाकऱ्या थापत होते, त्यांना काय बोलणार?

गेल्या गणपतीच्या तोंडावर काका मला म्हणाले, "मेल्या, औंदा एकान जरी शेवट इचारल्यान तर बरा. नायतर दुसरी कादंबरी रद्दीत." मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी भडकलो. इतकी वर्षं आमचं डोकं खाल्लं ते काय रद्दीत घालायला?

विसर्जन तीन दिवसांवर आलं, तरी शेवट कोणी विचारला नव्हता. दुपारी वरळीची एक बाई बहिणीबरोबर फाटकाशी अडकली. पाणी पिऊन, रिकामा ग्लास हातात धरून ती ऐकत राहिली. भागाने होडी लोटली आणि रांग सरकली. काका सवयीने ओरडले, "खरी मजा फुडे आसा!"

बाई वाकून बांबूखालून बाहेर आली.

"ताई, वेडी झालीस काय? सकाळपासून उभ्या आहोत!" बहीण किंचाळली.

"तू हो पुढे, मी परत लागते." मग काकांना म्हणाली, "होडी पोचली का ते सांगा आधी."

लालबागच्या रांगेतला नंबर माणूस सख्ख्या भावाला देत नाही. मी ग्लास भरत होतो तो वाहून पाणी माझ्या चपलांवर आलं.

काका स्टुलावरून उतरले. शेवटचं प्रकरण त्यांना सापडेना. "जावा वो तुमी, नंबर जायत," असंही पुटपुटले.

"गेलाच तो. वाचा."

अख्ख्या रांगेवर ओरडणारा हा माणूस तेव्हा इतक्या हळू वाचत होता की मला वाकून ऐकावं लागलं. होडीचं काय झालं ते सांगणार नाही. पुस्तकं अजून माझ्या पलंगाखाली आहेत. बाईने पदराने डोळे टिपले, "दुसरं लिहिताय ना?" विचारलं आणि रांगेचं शेपूट शोधत काळाचौकीच्या दिशेने चालू लागली. दिसेल त्याच्या गळ्यात पुस्तक मारणारे काका नेमके तिलाच ते द्यायला विसरले.

दुसऱ्या दिवशी मी हंडा भरून फाटकाशी उभा, आणि स्टूल रिकामं. तणतणत वर गेलो. गॅलरीत टेबल मांडलेलं होतं आणि काका त्यावर वाकले होते.

"काका, खाली मी एकटा आहे!"

"गप रे." त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने पेन थांबलं. "ती फुडच्या वर्षी येतली ना रे? तवसर पुरी होऊक व्हयी."

येईल, म्हणालो. मला काय माहीत? पण म्हणालो.

खाली रांग अडलीच होती. एकाने पाणी घेतलं आणि इकडेतिकडे बघत जरा भीतभीतच विचारलं, "ते पुस्तकवाले काका नाहीत आज?"

"नाहीत," मी म्हटलं. "कामात आहेत."