बिनफेसाचा साबण

"अगं, हा साबण माझ्यावर रुसलाय की काय?" नवऱ्याने बाथरूममधूनच ओरडून विचारलं. "मघापासून घासतोय, फेसाचा पत्ता नाही. उलट मासळीसारखा हातातून निसटतोय!"

"चांगल्या साबणाला फेस कमीच येतो," ताईंनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं. हे वाक्य त्या गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवत की आता ते विचार न करताच तोंडातून बाहेर पडे.

ताईंचा घरगुती साबणाचा धंदा होता. बाजारातल्या साबणांनी त्यांच्या हाताची सालं निघायला लागली, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत स्वतःपुरता साबण करून पाहिला. हात सुधारले. शेजारणींनी मागितला, शेजारणींच्या बहिणींनी मागितला, आणि बघता बघता मागच्या खोलीत साचे, पातेली आणि पुठ्ठ्याची खोकी यांच्यामुळे पाय ठेवायला जागा उरली नाही. ताईंच्या साबणात भडक रंग नव्हता, उग्र वास नव्हता, कातडी ओरबाडणारं काही नव्हतं. काय काय नाही ते वेष्टनावर इतकं सविस्तर छापलेलं असे की आत काय आहे ते लिहायला जागाच उरत नसे. ही गैरसोय ताईंच्या पथ्यावरच पडली होती. कारण आत कॉस्टिक होतं, म्हणजे कातडी भाजणारा कॉस्टिक सोडा. कॉस्टिकवाचून साबण होत नाही. तेलाशी गाठ पडली की ते पार मुरून जातं आणि तयार वडीत नावालाही राहत नाही. पण हे गिऱ्हाइकाला समजावून सांगेपर्यंत ते जिना उतरून गेलेलं असे. म्हणून ताई तो शब्द उच्चारतच नसत.

नवरा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. तो नुकत्याच पॉलिश केलेल्या कपाटासारखा चकाकत होता. त्याने चष्मा लावला, तो घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. पुन्हा वर केला, पुन्हा आला.

ताईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी बाथरूममधली वडी आणली आणि तिला जिभेचं टोक लावलं. साबण करणारी माणसं असंच करतात. साबण कच्चा असला तर जीभ चुरचुरते. इथे जीभ चुरचुरली नाही, की साबणाची नकोशी चवही लागली नाही. लागलं ते शुद्ध खोबरेल.

"आई," त्यांनी सासूबाईंना हाक मारली, "या खेपेचा साबण केला त्या दिवशी मी गॅलरीत दोन पातेली ठेवली होती. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? एकसारखी पातेली. त्यातलं एक तू उचलून नेलंस. दुसऱ्यातलं पाणी जरा गढूळ वाटलं, म्हणून मी ओतून टाकलं."

ताईंना सगळा उलगडा झाला. एका पातेल्यात कॉस्टिक विरघळवून निवत ठेवलं होतं, दुसऱ्यात साचे धुवायचं साधं पाणी होतं. त्यांनी तेलात ओतलं ते साधं पाणी. तेल, मेण आणि पाणी ब्लेंडरने घुसळल्यावर छान पांढरं, घट्ट झालं, आणि थंडीच्या कडाक्यात त्याच्या देखण्या वड्याही पडल्या. त्या वड्या आता गावभर गेल्या होत्या.

"म्हणजे लोक साबण म्हणून काय लावतायत?" नवऱ्याने विचारलं.

"क्रीम. तेही आंघोळ करताना."

ताईंनी लगेच फोन उचलला. सगळ्या गिऱ्हाइकांना खरं सांगायचं आणि साबण परत मागवायचे, असं त्यांनी ठरवलं. सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या व्हिडिओवालीपासून केली. ही बाई कांती कशी राखावी यावर व्हिडिओ करी, आणि हजारो बायका ते बघून घरातल्या निम्म्या बाटल्या केरात टाकत.

"अहो, तुम्ही नेलेला नवा साबण—" ताईंनी सुरुवात केली.

"ताई, बोलूच नका!" व्हिडिओवाली म्हणाली. "मी आयुष्यात असला साबण पाहिला नाही. जरासुद्धा फेस नाही! फेस म्हणजे काय असतो सांगू? त्वचेचा आक्रोश! मी सकाळीच व्हिडिओ टाकलाय."

"तेच सांगतेय, तो साबण मुळात साबणच—"

"साबणच नाही! अगदी माझं वाक्य! साबण नाही, तो स्पर्श आहे. ठेवते हं, दुसरा फोन येतोय."

ताईंचा फोन त्या दिवसभर खणखणत राहिला, पण एकही तक्रार नव्हती. सगळ्यांना बिनफेसाचा साबण हवा होता. एका बाईंनी तर मागच्या खेपेतला शिल्लक साबण परत केला. "याला फेस येतो हो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला न कळवता कुणीतरी भेसळ केली असेल."

"आता काय करायचं?" ताईंनी रात्रीच्या जेवणाला विचारलं.

"काही नाही करायचं," नवरा म्हणाला. तो विमा कंपनीत होता, त्यामुळे काय सांगावं आणि काय सांगू नये याचा त्याला दांडगा अनुभव होता. "आपण कुणाला फसवलंय का? फेस येत नाही म्हटलं, येत नाही. त्रासदायक काही नाही म्हटलं, नाही."

"पण साबणही नाही ना त्यात!"

"तसा आहे असं वेष्टनावर लिहिलंय का? तिथे फक्त काय नाही तेच लिहिलंय. त्यात आणखी एक धरायचं."

ताईंना हे पटलं नाही. पण मागणी दारात उभी राहिली, की न पटलेल्या गोष्टीही हळूहळू बऱ्या वाटायला लागतात. पुढची खेप त्यांनी चुकून नव्हे, तर ठरवून बिनकॉस्टिकची केली. ब्लेंडर फिरवताना त्या कुणाच्या नजरेला नजर देत नव्हत्या. मागच्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं, तरीही.

थंडीभर अख्खी इमारत चमकत होती. माणसं जिन्यात एकमेकांना बघून डोळे किलकिले करत. दाराच्या मुठी हातातून सटकत. जिन्याचा कठडा धरून उतरण्यात अर्थ राहिला नव्हता. सासूबाई मात्र आपला जुना साबण ट्रंकेत कुलपात ठेवून वापरत आणि लोकांशी बोलताना नाकाला पदर लावून दोन पावलं मागे सरकून बोलत.

"आई, असं काय करता? लोकांना काय वाटेल?" ताई म्हणायच्या.

"मला काय वाटतंय ते मी सांगत नाही ना? मग झालं तर."

आणि एके सकाळी मोऱ्या तुंबल्या. आधी पहिल्या मजल्यावर पाणी उतरेना, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. इमारतीच्या अध्यक्षांच्या बाथरूममध्ये घोटाभर पाणी साचलं आणि त्यावर त्यांच्या सपाता तरंगायला लागल्या. प्लंबर आला. त्याने पाइप उघडला, आत हात घातला आणि पांढऱ्या, चिकट लोण्याचा गोळा बाहेर काढला.

"चरबी," तो ठामपणे म्हणाला. "खाली हॉटेल आहे ना? त्यांचंच काम."

तळमजल्यावर एक छोटं हॉटेल होतं. हॉटेलवाला सकाळपासून कटलेट तळत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत असे. त्याचं सांडपाणी वरच्या मजल्यांपर्यंत चढून कसं गेलं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. गुन्हेगार सापडला होता, शिवाय तो तळमजल्यावर होता, म्हणजे सगळ्यांना सोयीचाच. अध्यक्षांनी आवारात सभा बोलावली. हॉटेलचं स्वयंपाकघर बंद करायचं, हा एकच विषय होता.

हॉटेलवाला हात जोडून उभा राहिला. "साहेब, मी तेलाचा थेंब मोरीत जाऊ देत नाही. वापरलेलं तेल वेगळ्या डब्यात साठवतो, माणूस येऊन घेऊन जातो. चूल बंद केलीत तर घर कसं चालवू?"

"मग ही चरबी काय आकाशातून पडली?" अध्यक्षांनी विचारलं.

ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो आवारातल्या झाडाची पानं मोजत होता. हॉटेलवाल्याच्या कपाळावर घाम होता, तो नेहमीच्या भट्टीचा नव्हता. ताई उठून उभ्या राहिल्या.

"ती चरबी त्यांची नाही. माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या साबणात साबण नाही. नुसतं तेल आणि मेण आहे. तुम्ही सगळे रोज अंगाला लावता आणि तेच पाइपात जाऊन बसतं. माझ्याकडून आधी चूक झाली, आणि मग मी ती चालू ठेवली. त्यांना काही करू नका."

व्हिडिओवालीने डोळ्यांच्या कडा टिपल्या.

"बघा!" ती म्हणाली. "याला म्हणतात मनाचा मोठेपणा. गरिबाचं पोट वाचवायला बाईंनी दोष स्वतःच्या अंगावर घेतला!"

टाळ्या वाजल्या. "अहो, मी खरं सांगतेय!" ताई ओरडल्या. टाळ्या वाढल्या.

"ताई," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुमचा साबण शुद्ध आहे. शुद्ध वस्तूने पाइप तुंबेल कसा? बसा तुम्ही. भावना पोचल्या."

ताईंना रडावं की हसावं कळेना. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच साबणाबद्दल संपूर्ण सत्य सांगितलं होतं, आणि तीच त्यांची सर्वात चांगली जाहिरात ठरली होती.

निकाल लागणार, तेवढ्यात प्लंबरला घाई झाली. त्याला दुसरीकडे जायचं होतं. "तुमचं भांडण चालू द्या," तो म्हणाला, "मी तोवर पाइप मोकळा करून टाकतो." त्याने पिशवीतून पांढऱ्या दाण्यांचा मोठा डबा काढला, हॉटेलवाल्याकडून उकळत्या पाण्याच्या बादल्या मागून घेतल्या आणि सगळा सरंजाम घेऊन तो गच्चीवर गेला.

ताईंनी तो डबा ओळखला. त्यांच्या मागच्या खोलीत तसाच होता.

"अहो, थांबा!" त्या जिन्याकडे बघून ओरडल्या. "तेल, गरम पाणी आणि वर हे! पाइपात काय होईल माहितेय का?"

प्लंबरपर्यंत आवाज पोचला नाही. वरून धो धो पाणी ओतल्याचा आवाज आला. पाइपात गुरगुर झाली. मग सगळं शांत झालं. अध्यक्ष ठराव वाचायला उभे राहिले.

तेव्हा आवारातल्या गटाराच्या लोखंडी झाकणाखाली काहीतरी फसफसलं. झाकण हललं, एका बाजूने उचललं गेलं, आणि खालून फेस वर आला. पांढरा, दाट, भरगच्च फेस. तो खुर्च्यांच्या पायांना भिडला, अध्यक्षांच्या बुटांवर चढला, हॉटेलच्या पायरीपर्यंत गेला. वरच्या मजल्यांवरून "अगं बाई!" असे आवाज यायला लागले, बाथरूमांमधूनही तो उसळला होता.

"रसायन!" व्हिडिओवाली किंचाळून खुर्चीवर चढली. "काय ओतलं त्या माणसाने?"

"कॉस्टिक," ताई म्हणाल्या. "कुणी हात लावू नका."

सासूबाईंनी काठीच्या टोकाने फेस ढवळून पाहिला. मग त्या सुनेकडे वळल्या.

"झाला बघ तुझा साबण," त्या म्हणाल्या.

आता मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हॉटेलच्या मोरीत फेस नव्हता, आणि वरच्या प्रत्येक घराच्या मोरीत होता. एवढा पुरावा अध्यक्षांनाही पुरला. त्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि हॉटेलवाल्याकडे न बघताच "चहा सांगा सगळ्यांना" असं म्हटलं.

व्हिडिओवाली खुर्चीवरच उभी होती. तिच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं.

"म्हणजे ताई, तुम्ही मघाशी बोललात ते खरं होतं?"

"हो."

"म्हणजे थंडीभर आम्ही जी आंघोळ केली, ती..."

"आंघोळ नव्हती. तुम्ही ओल्या अंगाला तेल लावून टॉवेलने पुसत होतात."

सगळ्यांनी एकमेकांपासून किंचित अंतर घेतलं.

"मग कुणीच काही बोललं कसं नाही?" अध्यक्षांनी खालच्या आवाजात विचारलं.

"सगळेच तसे," सासूबाई म्हणाल्या. "कोण कुणाला बोलणार?"

त्या आठवड्यात ताईंनी नव्याने साबण केला. गॅलरीत एकच पातेलं ठेवलं आणि त्याच्याजवळून हलल्या नाहीत. शिल्लक राहिलेल्या वड्या त्यांनी टाचांच्या भेगांचं मलम म्हणून, तसं स्पष्ट सांगून विकल्या. नव्या साबणाच्या वेष्टनाचा मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. खोबरेल, पाणी, मेण, कॉस्टिक. कॉस्टिक तेलात मुरून जातं हेही लिहिलं. फेस येतो, असंही लिहिलं. नवऱ्याने तो मजकूर वाचून कपाळाला हात लावला.

"एवढं खरं छापलंस तर घेणार कोण?"

साबण वाळून पक्का होईपर्यंत फोन मुका होता. नवऱ्याचं म्हणणं खरं होतंय असं वाटू लागलं. मग एका दुपारी दारावर टकटक झाली. व्हिडिओवाली उभी होती, डोक्यावरून ओढणी घेऊन, एकटी. तिने मागे जिन्यात कुणी नाही ना ते पाहिलं आणि आत येऊन दार लोटून घेतलं.

"ताई, तो फेसवाला आहे का हो? मला बराच लागेल. आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही माझ्याकडेच सांगून ठेवलंय. अध्यक्षांनी सुद्धा."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आनंदाने खोकं उघडलं आणि नव्या वेष्टनातल्या वड्या मोजायला घेतल्या. व्हिडिओवालीने एक उचलली, मजकूर वाचला आणि पटकन खाली ठेवली.

"साबण हाच द्या," ती कुजबुजली. "फेस भरपूर येऊ दे. फक्त ताई, वेष्टन ते जुनंच घालून द्याल का?"