बापूरावांच्या पांढऱ्या रकाब्या

बापूराव पेडगावकर बाजाराकडे यायला निघाले, की आम्ही चिनी मातीच्या भांड्यांचे व्यापारी आपापला माल मागे सरकवायचो. त्यांच्या हातात काठी नसायची. उजव्या करंगळीचं नख मात्र त्यांनी वाढवलं होतं आणि त्या नखाची दहशत तहसीलच्या शिपायापेक्षा जास्त होती. रकाबी पाच बोटांवर तोलायची, कडेला नखानं टिचकी मारायची, डोळे मिटून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. "बोलती." नाहीतर, "मुकी." मुकी म्हणजे चिरलेली.

मी डोक्यावर टोपली घेऊन जुन्या कपड्यांच्या बदल्यात बरण्या विकत स्टेशन रोडच्या दुकानापर्यंत आलेला माणूस. मला कुणी माल शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे सगळ्या परभणीला ठाऊक होतं. बापूरावांनाही ठाऊक असावं. त्यांना त्यात करमणूक वाटत असावी.

त्यांना हवी असायची जेवणाची मोठी, जुनी, विलायती रकाबी. पांढरी. नुसती पांढरी. बदली होऊन गेलेल्या अंमलदारांच्या घरातून असा माल निघायचा. त्यावर सोन्याची एक रेघ दिसली तरी बापूराव हात झटकायचे. "नक्षी नको, शेट. नक्षी चहाडखोर असती."

"चहाडी करायला ती रकाबी हाय का तुमची मेहुणी?" मी विचारायचो. ते हसायचे आणि भाव पाडायचे.

गंमत अशी, की या वतनदाराच्या घरात आई असेपर्यंत चिनी मातीला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. बापूराव स्वतः पितळेच्या ताटात जेवायचे. बायको कधीच वारलेली, पोरबाळ नाही. आई, म्हणजे माई, गेल्या आणि त्यांच्या वर्षश्राद्धानंतर हे वेड सुरू झालं. कपाटभर रकाब्या आणि जेवणारा एक. लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झाला. मीही म्हणायचो, जरा जास्तच उत्साहानं म्हणायचो, कारण मला त्यांनी भर दुकानात नागवलं होतं.

झालं असं. पिंगळीला रेल्वेच्या एका साहेबाच्या सामानाचा हर्रास झाला. त्यात बोली लावून रकाब्यांची एक चळत मी उचलली. काही चिरलेल्या निघाल्या. चिरलेली रकाबी दुधात सावकाश उकळली की चीर बुजते. गिऱ्हाईक सुखी, आपण सुखी, दूधवालाही सुखी. एका जहागीरदाराच्या कारभाऱ्याशी सौदा ठरला, तो कमरेची पिशवी सोडायला लागला, तेवढ्यात बापूराव 'सहज' आत आले. टिक. टिक. टिक.

"मुकी. मुकी. ही बी मुकी. शेट, लय दूध पाजलंय तुमी ह्यांला."

दुकान हसलं. कारभाऱ्यानं पिशवीला परत गाठ मारली. त्या बदनाम झालेल्या चळतीतून धडधाकट रकाब्या तेवढ्या निवडून बापूरावांनी फुटक्याच्या भावात नेल्या. याला सज्जन माणूस म्हणतात आमच्याकडे.

मी वाट बघत राहिलो. थंडीत बातमी आली, बापूरावांच्या कानाला दडे बसलेत, कापूस घालून हिंडायलेत. देव असतो याची मला तेव्हा खात्री पटली. त्या चळतीतली एक मुकी रकाबी पुन्हा दुधात उकळली, पुसून लख्ख केली, पिशवीत घातली आणि ती त्यांच्याच गळ्यात मारायला शुक्रवारी दुपारी त्यांचं घर गाठलं.

ओसरीच्या कोनाड्यात एक रकाबी पालथी घातलेली दिसली. कडेला निळी फुलं. मी बापूरावांना मोठ्यानं विचारलं, "नक्षी नको म्हणता, आन् ही? काय घ्याल हिचं?"

"ती विकायची न्हाई. करीममास्तरची हाय ती."

करीममास्तर उर्दू शाळेत शिकवायचे. बापूराव आणि ते लहानपणी एकाच बाकावर बसलेले. दर शुक्रवारी नमाज झाली की मास्तर इकडे यायचे.

"माई त्याला हितं ओसरीवर वाढायची, या फुलाच्या रकाबीत," बापूराव म्हणाले. "मी आत, पितळेच्या ताटात. तो जेवला की आपली आपण धुवायचा आन् कोनाड्यात पालथी घालायचा. कधी बोलला न्हाई. मग एक दिवस म्हनला, जेवून आलो. तवापासून जेवूनच येतो."

"मग दोन पांढऱ्या घ्यायच्या होत्या. कपाट कशाला भरलं?"

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "दोनच दिसल्या तर त्याला कळंल, मुद्दाम त्याच्यासाठी आणल्या. कपाटभर दिसल्या म्हंजे वाटंल, या घरात आता रोजच यात जेवायलेत." मग हळूच म्हणाले, "आज मांडल्यात."

आत माजघरात दोन पाट होते. दोन पांढऱ्या रकाब्या, एक झाकावी आणि दुसरी काढावी अशा.

मास्तर आले. सवयीनं आधी कोनाड्याकडे बघितलं. बापूरावांनी आत बोलावलं तसे उंबऱ्याशी थांबले. कपाट बघितलं, पाट बघितले आणि म्हणाले, "खाना खाको आया, बापू. तकलीफ नक्को."

आम्हा सगळ्या व्यापाऱ्यांना गप्प करणारा हा माणूस कानात कापूस घालून दोन्ही रकाब्या उचलायला वाकला. माझं डोकं फिरलं.

"मास्तर, तुमी जेवला असाल, मी सकाळपासून उपाशी हाय. तुमी बसल्याबिगर हे मला वाढत न्हाईत. बसा खाली." पिशवीतली रकाबी काढून मी त्या दोन्हींच्या ओळीत आपटली.

मास्तरांनी त्या तिन्ही रकाब्या एकेक करून पाहिल्या. मग जोडे काढून आत आले आणि मधल्या रकाबीपुढच्या पाटावर बसले.

बापूरावांनी आमटी वाढली. माझ्या रकाबीच्या दुधानं कढत आमटीपुढे हात टेकले. एक बारीक ओघळ खालून जमिनीवर निघाला. बापूरावांनी तो पाहिला. कानातला कापूस काढला, वाकून माझ्या रकाबीच्या कडेला नखानं टिचकी मारली. आवाज असा आला, जसा भिंतीवर मारल्यावर येतो. मी निकालाची वाट बघत बसलो.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली मान घालून आमटीत भाकरी कुस्करत होते.

"बोलती हाय," बापूराव म्हणाले, आणि मला आणखी आमटी वाढली.