हसऱ्या घोडीचं स्थळ

दाऊदच्या घोडीला शिंगरू हवं होतं. म्हणजे घोडीला कुणी विचारलं नव्हतं, हवं होतं ते दाऊदला. जव्हारात वरातीची घोडी एकच, ती म्हणजे त्याची चांदणी, आणि तिचं वय होत चाललेलं. ती गेली की धंदाही गेला, या काळजीनं तो सुकला होता.

चांदणीची ख्याती अशी, की ती फोटोत हसायची. वरचे दात कायम बाहेर, त्यामुळे नवरदेव कितीही घाबरलेला असो, घोडी प्रसन्न. आमच्या लग्नाचा अल्बम बघताना पाहुणे अजूनही आधी घोडीचं कौतुक करतात, मग माझ्याकडे बघून पान उलटतात.

अठ्ठ्याण्णव साली गावात जनावरांच्या डॉक्टरांचं शिबिर झालं. आईबापाची खोड पिल्लात उतरते, तेव्हा घोडी फळवण्याआधी दोन्हीकडचं घराणं तपासा, असं त्यांनी सांगितलं. सकाळी ऐकायला गेलेला दाऊद संध्याकाळी स्वतःच अर्धा डॉक्टर होऊन परतला. वाडा गावचा घोडा त्यानं नाकारला, कारण त्याचा बाप रातांधळा. मोखाड्याचा नाकारला, कारण त्याच्या आईला धाप लागायची. सख्ख्या बहिणीचं लग्न ठरवताना यानं नवऱ्याच्या बापाचं नावसुद्धा धड विचारलं नव्हतं.

शेवटी जामसरच्या देवरामचा घोडा उरला. दाऊद चांदणीला घेऊन तिथं पोचला, घोड्याचे डोळे, खूर, पाय सगळं तपासलं आणि खाटेवर बसून तासभर व्याख्यान दिलं. देवरामनं मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग तो उठला आणि त्यानं चांदणीचा ओठ वर केला.

"दाऊदभाय, ही नाय चालायची."

"का? काय झालं?"

"मीपण होतो शिबिराला. तुमी मधीच चहाला उठलात ना, तवा डाक्टर दातांचा बोलले. वरचा जबडा पुढं असला का गवत तुटत नाय. पिल्लात उतरतं."

"अरे, ती हसते देवराम. सगळा तालुका ओळखतो."

"हसत नाय. तिचा तोंड मिटत नाय."

"डॉक्टर लोक काहीपण बोलतात रे. एवढं कोण बघतं?"

"आता तुमीच बोललात, खोड दिसली का माघारी फिरायचं. मना पटला तुमचा."

देवरामनं सहज विचारलं, "चरते कशी?" आणि दाऊदला आठवलं, की चांदणी कधी चरलीच नव्हती. तो तिला हातानं बारीक कापलेलं गवत आणि भिजवलेले चणे भरवायचा, आणि घोडी खानदानी आहे, खाली मान घालत नाही, असं लोकांना अभिमानानं सांगायचा. तिच्या शिंगराला हे सगळं कोण करणार होतं? त्याला स्वतःची लाज वाटली आणि चांदणीचं फार वाईट वाटलं.

"नको मग," तो म्हणाला. "हिला नाही फळवायची. दुसऱ्या कुणाचं निरोगी शिंगरू बघू." एवढं बोलून तो घोडीला घेऊन जव्हारच्या रस्त्याला लागला.

घरी त्याची बायको रुकसाना जेवण वाढायच्या तयारीत होती. "जमलं का?"

"त्यांनी नाकारलं."

"आपल्या चांदणीला? असं काय बघितलं त्यांनी?"

"दात पुढे आहेत. पोरांत उतरतात म्हणे. आधी बघायला पाहिजे असतं."

रुकसानानं सलमान, बासित आणि आफरा या आपल्या तिन्ही पोरांना जेवायला हाक मारली. तिघंही खिदळत आली, आणि तिघांचेही वरचे दात त्यांच्या आधी दारातून आत आले. रुकसानानं पोरांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

"माझ्या अब्बांनी तुमचा ओठ वर करून बघितला असता, तर ही तिघं आज कुणाच्या घरी जेवली असती?"

दाऊदनं आपल्या ताटातला मटणाचा तुकडा उचलून आफराच्या ताटात ठेवला.