जर्मनची परात

"अब्बा, अम्मीची मोठी परात कुठी गेली?"

इनायतभाऊंनी चहाच्या कपात तोंड खुपसलं. शुक्रवारी त्यांच्या बायकोची, शमसुन्निसाची, बरसी होती. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि बिर्याणीचे तांदूळ अम्मीच्याच परातीत धुवायचे, असं लेकीनं, म्हणजे रूहीनं, ठरवून टाकलं होतं. आता बापानं काय सांगावं? परात विमानात बसली आहे म्हटलं असतं, तर पोरीनं त्यांना थेट डॉक्टरकडे नेलं असतं.

"कामावर गेली हाये," ते म्हणाले आणि चप्पल घालून सटकले. तसं पाहिलं तर ते खोटंही बोलले नव्हते.

इनायतभाऊंचं जटपुरा गेटजवळ ‘रेडिओचा दवाखाना’ नावाचं दुकान. रेडिओ एकेक करून मेले, पाटी तेवढी जिवंत राहिली. अशात ब्रह्मपुरीच्या प्रवीणभाऊंनी त्यांना बोलावून घेतलं. हे राइस मिलवाले, पण डोकं कायम आभाळात. त्यांनी एक जुनं दोन माणसांचं विमान विकत घेतलं होतं. आत पाइपांचा सांगाडा आणि वरून ताणून बसवलेलं, रंग दिलेलं कापड. चंद्रपूरबाहेरच्या धावपट्टीवर एका शेडमध्ये ते उभं होतं. इंजिन सुरू झालं, पंखा फिरला, रेडिओ मात्र नुसता खरखर करायचा. धावपट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं अक्षर कळेल तर शपथ!

"पत्र्याच्या विमानाले अंगभर पत्रा असते, प्रवीणभाऊ," इनायतभाऊंनी निदान केलं. "अँटेना त्याच्यावर पाय रोवून उभी राह्यते. तुमच्या विमानानं तं लुगडं नेसलं. ते बिचारी उभी कशावर राहीन?"

"मंग काय करावं?"

"कापडाच्या आतून मोठा पत्रा बसवा लागते. गोल असन तं लई बेस."

पत्रा बाजारात कुठेही मिळाला असता. पण पंचवीस वर्षांपूर्वी याच धावपट्टीवर एक लहान विमान आलं होतं, लोकांना दहा मिनिटं फिरवून आणायला. शमसुन्निसा नवी ओढणी घेऊन सकाळपासून रांगेत उभी राहिली. नंबर आला आणि इनायतभाऊंची पाठ दुखायला लागली. पाठ कसली दुखते! माणूस घाबरला होता. ती म्हणाली, मी एकटी जाते, तर "बाईमानूस एकटी कुठी जाशीन?" म्हणून तिलाही रांगेतून बाहेर काढलं. पुढच्या वेळी नक्की बसवतो, असा शब्द दिला. पुढची वेळ आलीच नाही. ती कधी काही बोलली नाही, पण घरावरून विमान गेलं की हातातली परात तशीच धरून अंगणात येऊन वर बघायची. ती गेली आणि तो शब्द इनायतभाऊंना रात्रंदिवस खाऊ लागला. तिला नाही बसवलं, निदान तिची परात तरी बसवू. म्हणून त्यांनी गुपचूप परात आणली, मधोमध भोक पाडलं आणि मागच्या सीटमागे छताला उलटी आवळून टाकली. कुणाला कळू नये म्हणून वरची अँटेनाही स्वतःच बसवली. रेडिओ असा खणखणीत बोलायला लागला की प्रवीणभाऊंनी पेढे वाटले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग आला विमान खात्याचा तपासणीचा फॉर्म. तो भरायला बसली प्रवीणभाऊंची पुतणी मयुरी, पुण्याहून इंजिनीअर होऊन आलेली.

"चाचा, त्या पत्र्यात लोखंड नाही ना? होकायंत्र बिघडतं म्हणे."

"नाई बेटा. जर्मन हाये."

आता आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, हे स्टीलच्या घरात वाढलेल्या पोरीला कोण सांगणार? तिनं ‘मूळ देश’पुढे जर्मनी लिहिलं.

"कंपनीचं नाव?"

इनायतभाऊ गडबडले. "नाव... मांगून खोदलं हाये. शमसुन्निसा."

"मोठी कंपनी दिसते. वर्ष?"

"त्र्याऐंशी." लग्नात सासूनं परात दिली, तेव्हा नावाखाली सालही खोदून घेतलं होतं.

"बाप रे! किती वर्षं वापरात होतं?"

"एक्केचाळीस वर्सं. एक दिवस सुट्टी नाई घेतली, बेटा. कुरकुर नाई, काई नाई."

"आणि शेवटची दुरुस्ती?"

"दवाखान्यात नेलं होतं मांगच्या साली. पन उशीर झाला. मीच उशीर केला."

दवाखाना म्हणजे यांचं दुकान, असं मयुरीला वाटलं. ‘दुरुस्तीस विलंब झाला, जबाबदार मेकॅनिक’ असं तिनं प्रामाणिकपणे लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. शमसुन्निसा या जर्मन कंपनीचे आयातीचे कागद दाखवा, दुरुस्तीला विलंब का झाला त्याचा खुलासा करा, आणि गुरुवारी प्रत्यक्ष तपासणी होईल. प्रवीणभाऊ कागद घेऊन धावत आले.

"इनायतभाऊ, तुमी जर्मनीहून माल मांगवला अन् मले सांगतलं बी नाई?"

"जर्मनीहून कोन मांगवते, बाप्पा! घरून आनला."

"घरून? घरी काऊन असते असा माल?"

इनायतभाऊ चप्पल घालून सटकले.

गुरुवारी तपासणीला नागपूरहून सत्यशीला मॅडम आल्या. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि कानांनी ऐकल्याशिवाय त्या कशालाच हो म्हणत नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांनी कापडाची चेन उघडली आणि आत टॉर्च मारला. परातीच्या काठाला कणकेचा वाळका तुकडा अजून चिकटलेला होता.

"ही जर्मन कंपनी कणीक मळते का?"

प्रवीणभाऊ मटकन खाली बसले. मयुरीनं फॉर्म पाठीमागे लपवला.

"कंपनी नाई, मॅडम," इनायतभाऊ म्हणाले. "ते माही बायको हाये. होती."

"परात काढून घ्या."

एवढं ऐकलं आणि वर्षभर धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. रांग, नवी ओढणी, अंगणातून वर बघणं, सगळं त्यांनी सांगितलं. "माही पाठ दुखत नव्हती, मॅडम. मी भेलो होतो. मी भेलो अन् तिलेबी जाऊ नाई देल्लं." आणि ते चारचौघांत लहान मुलासारखे रडले.

मॅडमनी परातीवर बोटानं टकटक केलं. सगळे नट हलवून पाहिले, वजन लिहून घेतलं.

"काम पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा नियम आहे. ज्यानं बसवलं, त्यानं पहिल्या उड्डाणात स्वतः बसायचं. नाहीतर परात खाली."

इनायतभाऊंची पाठ दुखायला लागली. या वेळी खरोखर! तेवढ्यात शेडपुढे ऑटो थांबली आणि परातीचा माग काढत रूही उतरली. तिनं पाहिलं तर अब्बा मोठ्यानं "बिस्मिल्ला" म्हणत विमानात चढत होते.

पुढे प्रवीणभाऊ, मागे इनायतभाऊ, त्यांच्या डोक्यामागे परात. विमान उडालं. खाली मयुरीनं, मॅडमनी आणि रूहीनं रेडिओला कान लावले. आधी बराच वेळ नुसता "या अल्ला, या अल्ला" ऐकू आलं. मग हळू आवाज.

"रूहीची अम्मी, डोये उघडले मी. पाह्य ना, ते इरई नदी. केवढीशी दिसून राह्यली! तो आपला परकोट. अन् ते थर्मलचे धुराडे. आपलं अंगन नाई सापडून राह्यलं वो... तू रोज तिथूनच पायत होती ना वर? मले मालूम होतं. मी घरातून पायत होतो तुले. बाहेर येऊन एक शब्द बोललो नाई. त्या दिवशी तुले जाऊ द्याले पायजे होतं. माफ कर मले."

खाली रूहीनं ओढणी तोंडात कोंबली होती.

विमान उतरलं. इनायतभाऊ खाली आले तर तिघींचे डोळे लाल. ते घाबरले.

"काऊन? रेडिओ बंद पडला का?"

"चाचा," मयुरी कशीबशी म्हणाली, "तुम्ही बोलायचं बटन दाबूनच धरलं होतं."

इनायतभाऊ लाजून लालबुंद झाले. रूही पुढे झाली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "परात राहू द्या इथीच, अब्बा. तांदूळ मी शेजारच्या परातीत धुईन."

त्यांनी मान हलवली. मग मॅडम फॉर्मवर सही करत होत्या तिथे जाऊन हळूच विचारलं, "मॅडम, मंग... तिलेबी आयकू गेलं असन का?"

ऐकल्याशिवाय कशालाच हो न म्हणणाऱ्या सत्यशीला मॅडमनी पेन थांबवलं.

"गेलं असेल," त्या म्हणाल्या. "मी तपासलंय. अगदी स्पष्ट येत होतं."