यकृत-संरक्षण योजना, सर्जापूर रोड

यकृत हा शरीरातला सगळ्यात सोशिक कर्मचारी. रजा मागत नाही, युनियन करत नाही, आणि बिघडलं तरी बराच काळ कळवत नाही. त्यामुळे पैज लावायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

आमच्या सोसायटीत ती मे महिन्यात लागली. एका बाजूला शंतनु, पुण्याहून आलेला, आयटीतला. दुसऱ्या बाजूला त्याचे शेजारी हणमंतराव, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातले, रिटायर्ड. शंतनुला फोनवर शोध लागला होता की एका पाल्यातली द्रव्यं दारूपासून यकृत वाचवू शकतात. प्रयोग उंदरांवर झाला होता.

"उंदराला चखणा कोण देतंय रे?" हणमंतरावांनी विचारलं.

"अण्णा, सायन्स आहे. पाला पिऊन माझा रिपोर्ट नॉर्मल येणार. लावा बेट!"

"सरी, ठरलं. हरलास तर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर रिपोर्ट माइकवर वाचायचा. मी हरलो तर माझा वाचतो."

(अण्णांचा रिपोर्ट मूळव्याधीचा होता. पैज तोलामोलाची होती.)

"आणि लिव्हर कुणाचं लागलंय पणाला?" शंतनुची बायको शाल्मली म्हणाली. तिचं म्हणणं इतिवृत्तात घेतलं नाही.

शंतनु पूर्वी फक्त शनिवारी दोन पेग घ्यायचा. पण तेवढ्यावर संरक्षण सिद्ध कसं होणार? लोड वाढवल्याशिवाय सिस्टिम टेस्ट होत नाही. म्हणून त्याने निव्वळ विज्ञानासाठी बुधवार घेतला. मग तुलनेसाठी सोमवार. जुलैत अख्ख्या महिन्यात एकच दिवस तो प्यायला नाही, कारण त्या दिवशी पाला संपला होता. (सुरक्षिततेच्या बाबतीत पोरगा कडक.)

सोसायटीनेही यकृत-संरक्षण उपसमिती नेमली. लॉनमधला जो पाला माळी तण म्हणून उपटायचा, तो उपटल्यास खुलासा मागवायचं ठरलं. सर्वेक्षणही झालं: नियमित पिणारे चौदा टक्के, 'ऑकेजनली' एकोणऐंशी, उरलेले सात नुसती कंपनी देणारे. पाला आल्यावर कंपनीवाल्यांनीही ग्लास धरला. एवढं संरक्षण असताना न पिणं म्हणजे सामुदायिक साधनसंपत्तीचा अपव्यय.

"मिक्सर मात्र मीच धुतीये," शाल्मली म्हणायची.

पंधरा ऑगस्टला ड्राय डे, त्यामुळे उपस्थिती आणि शुद्ध दोन्ही समाधानकारक होत्या. शंतनु माइकसमोर आला.

"एसजीपीटी, एकशे छप्पन्न."

टाळ्या पडल्या. (आमच्याकडे मोठा आकडा ऐकला की आधी टाळ्या पडतात.)

"चाळिसाच्या आत पाहिजे होतं," तो पुटपुटला. "डॉक्टर म्हणाले, यापुढे एक थेंबही..." शाल्मलीने खुर्ची सरकवली, तसा तो मटकन बसला.

"पुरे रे बाळा, फिटली पैज," हणमंतराव म्हणाले.

मग मागून कुणीतरी विचारलं, "शंतनु, पाला जेवणाआधी घेत होतास का नंतर?"

"नंतर."

"तिथंच चुकलं!" सभा एकमताने म्हणाली आणि लगबगीने लॉनकडे निघाली. सगळ्यात पुढे हणमंतराव. "मला स्वल्प ठेवा रे!"

तुम्ही हसताय. हसा. पण मघापासून नजर वरखाली फिरतेय ना, त्या पाल्याचं नाव कुठं आलंय का म्हणून?

नाही आलं. आमचं लॉन लहान आहे.