अक्षरं तेवढी मोठी करा

खडकीतल्या प्रज्ञा सोसायटीपुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला. पाण्याचा पंप चालवणाऱ्या प्रोग्रॅमची अक्षरं मुक्ताबाईंना दिसेनात.

मुक्ताबाईंची शाळा दुसरीतच सुटली, जिभेची धार मात्र सुटली नाही. "चष्मा तीनदा बदलला, आता तुमचा पडदा बदला. अक्षरं तेवढी मोठी करा," एवढंच त्या सेक्रेटरी तेजसला म्हणाल्या. तेजस हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्याने तातडीची सभा बोलावली.

"आजी, अक्षरं मोठी करायची म्हणजे जुना प्रोग्रॅम वाचावा लागणार. वाचण्यापेक्षा नवा लिहिणं सोपं."

"हे आधी कळतं तर मी शाळा सोडलीच नसती! अरे, दही लावायलासुद्धा कालचं चमचाभर विरजण लागतं."

"आम्ही दही ऑनलाइन मागवतो, आजी."

सभा हसली. 'जुने समूळ काढावे' हा ठराव एकमताने मंजूर झाला.

रीत म्हणून तेजसने जुना प्रोग्रॅम वरवर चाळला. त्यात एक चमत्कारिक आज्ञा निघाली: बुधवारी दोन्ही टाक्या काठोकाठ भरा.

"गुरुवारी नळाला पाणी नसतं, म्हणून," मुक्ताबाई म्हणाल्या.

"मी इथे सहा वर्षं राहतोय. गुरुवारी पाणी गेलेलं एकदाही पाहिलं नाही."

"अरे बाबा, म्हणूनच तर..."

"पुरावा नाही," तेजस म्हणाला. आज्ञा निराधार ठरवून वगळण्यात आली.

फीत कापून नवा प्रोग्रॅम सुरू झाला. पडद्यावर निळ्या लाटा, त्यावर तळहाताएवढी अक्षरं. मुक्ताबाईंनी चष्मा काढून वाचलं, 'पाणी उपलब्ध आहे'. मनातून हरखल्या, तोंडाने म्हणाल्या, "बरंय."

आणि पहिल्याच गुरुवारी त्यांच्या पणतूचं नामकरण आलं. भन्तेजी आले, घरभर पाहुणे आले, मुंबईच्या विहीणबाई आल्या. खडकीच्या पाण्याला नावं ठेवायला त्या टपलेल्याच होत्या. आज मुक्ताबाईंना त्यांचं तोंड बंद करायचं होतं. नेमकं तेव्हाच बाळाने झबलं भरवलं. नळ खोकला आणि गप्प झाला.

मुक्ताबाईंनी तेजसला फोन लावला. "पाणी कुठंय?"

"स्क्रीनवर तर आहे, आजी."

"मग बाळाला घेऊन येते, स्क्रीनवरच धुते!"

अखेर बाळाला विकतच्या बाटल्यांतल्या पाण्याने धुतलं. विहीणबाईंनी पदराआडून विचारलं, "तुमच्यात पोरं मिनरल वॉटरनंच न्हातात का हो?" मुक्ताबाईंचं नाक कापलं गेलं, आणि ते धुवायलाही घरात पाणी नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा सभा. मुक्ताबाई गरजल्या, "ती बुधवारची एक ओळ घाल त्यात. झालं!"

तेजसने सुस्कारा सोडला. "आजी, तो प्रोग्रॅम आता चार दिवसांचा जुना झाला. कोण वाचणार? नवाच लिहू."

भराभर हात वर झाले. एकट्या मुक्ताबाईंचा खाली राहिला.

"या खेपेला अक्षरं आणखी मोठी करतो, आजी. आणि सुरू होताना तुमच्या पणतूचा फोटो दिसेल."

मुक्ताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. पदर सावरला.

"झबलं घातलेला लाव," म्हणाल्या आणि हात वर केला.

ठराव एकमताने मंजूर. वाचकांनीही आता आपला हात खाली घ्यावा; मोजून झालाय.