अस्तोबिस्कार घराणं संपलं

कोल्दोचा फोन आला तेव्हा एर्रामुन मेंढीच्या दुधाचं चीज साच्यात दाबत होता. हात ओले होते, म्हणून बायकोने, होआकिनाने, फोन त्याच्या कानाला धरला.

"एर्रामुन, माझ्याकडे एक बाई येऊन बसल्यात," कोल्दो दबक्या आवाजात म्हणाला. गावातली एकुलती एक खानावळ त्याची. "अर्जेंटिनाच्या आहेत. ग्रासिएला नाव. आणि आडनाव काय सांगतात माहितीये? अस्तोबिस्कार."

एर्रामुनचा हात साच्यातच राहिला. अस्तोबिस्कार हे त्याचंच आडनाव. आमच्या खोऱ्यात एचेबेरिया आडनावाचा माणूस हवा असेल तर दगड भिरकावा, एकाला तरी लागेल. अस्तोबिस्कार मात्र एवढा एकच उरलेला.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण आमच्याकडे घराचे वाटे पडत नाहीत. घर, जमीन, गुरं, सगळं एकाच मुलाकडे जातं आणि बाकीचे आपापलं नशीब काढायला बाहेर पडतात. हे घर खरं तर जायचं होतं एर्रामुनच्या आजोबांच्या थोरल्या भावाला, मार्तिनला. तो बाबाजी एक दिवस कोणाला न सांगता बोटीत बसला आणि अर्जेंटिनाला गेला. घर धाकट्याकडे राहिलं. तेव्हापासून त्या घरात पोरांना बागुलबुवाची गरज पडली नाही. 'मार्तिनची माणसं येतील आणि घर मागतील' एवढं म्हटलं की पोरं मुकाट्याने ताट संपवायची. एर्रामुन सत्तरीला टेकला, पण ती धास्ती काही गेली नव्हती.

"सांग, कोणी उरलं नाही म्हणून," तो म्हणाला. "सगळे मेले."

"आणि घर?"

"पडलं."

कोल्दो गडी विश्वासू. त्याने चारचौघांत तसंच सांगितलं, वर दोन उसासेही टाकले. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला.

"काम झालं. बाई रडल्या बिचाऱ्या. फक्त एक घोळ झालाय. त्यांनी राहायला खोली आधीच ठरवलीय. तुमच्याकडे."

एर्रामुनने बायकोकडे पाहिलं. होआकिना वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या प्रवाशांना देत असे.

"हो, ग्रासिएला नावाच्या कोणी बाई येणार होत्या खऱ्या," ती म्हणाली. "मी काय आडनाव विचारत बसू? उशी एक हवी की दोन, तेवढं विचारलं मी."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. दारावरच्या दगडात आडनाव कोरलेलं. त्याच्यावर एर्रामुनने लाल मिरच्यांच्या माळा टांगल्या. तरी शेवटचं अक्षर डोकावत होतं, म्हणून त्याच्यावर लसणाची जुडी. आजोबांचा फोटो कपाटामागे गेला.

"आणि तुझं नाव काय सांगायचं?" होआकिनाने विचारलं.

"एचेबेरिया."

"बरं झालं. एवढ्या वर्षांनी नवरा बदलला एकदाचा."

ग्रासिएलाबाई आल्या त्या रडून सुजलेले डोळे घेऊन. साठीच्या, ठेंगण्या, आणि नाक थेट एर्रामुनचं. होआकिनाने ते पाहिलं आणि गुपचूप घेवड्याचं कालवण वाढायला घेतलं. जेवताना बाई म्हणाल्या, "माझे वडील सांगायचे, अस्तोबिस्कार म्हणजे राजाचं सिंहासन."

"गाढवाची पाठ," होआकिना म्हणाली.

एर्रामुनला ठसका लागला.

"खरंच सांगते, बाई. टेकडी गाढवाच्या पाठीसारखी, तिच्यावर घर बांधलं, म्हणून घराचं नाव ते. आणि घराचं नाव माणसांना चिकटलं. आमच्याकडची आडनावं अशीच आलीत. माणूस घराला नाव देत नाही, घर माणसाला देतं."

"कुठली ती टेकडी?" बाईंनी विचारलं.

आता ज्या टेकडीवर बसून त्या जेवत होत्या ती दाखवणार कशी? एर्रामुनने खिडकीतून दिसेल ती टेकडी दाखवली. ती निघाली कोल्दोची. तिथे पडकं असं एकच बांधकाम, कोल्दोच्या बापाचा डुकरांचा गोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई तिथे जाऊन आल्या. परतल्या तेव्हा हातरुमालात एक दगड बांधून आणलेला. "पूर्वजांच्या घराचा," त्या म्हणाल्या आणि दगडाची पापी घेतली. होआकिना आत निघून गेली. हसू आवरायला की शरमेने, ते तिलाच ठाऊक.

पण बाई एवढ्यावर थांबेनात. घराण्यातल्या सगळ्यांसाठी चर्चमध्ये प्रार्थना झालीच पाहिजे, आणि नंतर गावाला जेवण, असं त्यांनी ठरवलं. एर्रामुन घाईघाईने फादर हुलियानकडे पळाला.

"खोटं मी बोलणार नाही," फादर म्हणाले. "पण अस्तोबिस्कार घराण्यातल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायला माझं काय जातं? मेलेले भरपूर आहेत."

रविवारी अख्खं गाव लोटलं. परक्या वारसाने येऊन घर घ्यावं हे आमच्यात कोणालाच खपत नाही, त्यामुळे सगळे एर्रामुनच्या बाजूचे. शिवाय जेवणही होतं. फादरांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. आजोबा, आजी, मग बाप, मग आई. आईचं नाव ऐकलं आणि एर्रामुनला खरोखरीच रडू फुटलं. बाईंनी त्याचा हात धरला.

"तुमची ओळख होती त्यांची?"

"थोडीफार," एर्रामुन म्हणाला आणि नाक शिंकरलं.

बाहेर लोक बाईंचं सांत्वन करायला रांगेने आले, आणि सवयीने पुढे होऊन एर्रामुनचेही हात दाबू लागले. म्हातारी बिशेंता तर त्याच्यासमोर थांबलीच. "फार चांगला होतास रे तू," ती म्हणाली. तिला तिच्या सुनेने ओढत नेलं.

खानावळीत जेवणं सुरू झाली. सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, एक पेला पोटात गेल्यावर ग्रासिएलाबाईंनी मोठा श्वास सोडला.

"खरं सांगू का? वाईट तर वाटलंच, पण सुटल्यासारखंही वाटलं. आमच्याकडे लहानपणापासून एकच धाक. माझे आजोबा मार्तिन इथून पळाले ते त्या घराला कंटाळून. उभ्या चढावर गवत कापायचं, पहाटे मेंढ्या, रात्री मेंढ्या, आणि थोरला म्हणून जन्मभर तिथून हलायचं नाही. वडील आम्हाला बजावायचे, तिकडे पत्ता लागू देऊ नका. वारस म्हणून घर आपल्या गळ्यात मारतील."

एर्रामुनने हातातला घास परत ताटात ठेवला.

"मग आलात कशाला?" होआकिनाने विचारलं.

"तिकडे या नावाची मी शेवटची उरलेय, मुलगा बापाचं आडनाव लावतो. मरायच्या आधी आपल्या नावाचं एक तरी माणूस बघावं असं फार वाटायचं. भीत भीतच आले."

"म्हणजे घर तुम्हाला नकोच?" एर्रामुनने विचारलं.

"देव न करो."

"नक्की?"

"फुकट दिलंत तरी नको."

एर्रामुन उठला. डोक्यावरची टोपी काढून त्याने छातीशी धरली.

"मग बाई, मी अस्तोबिस्कार," तो म्हणाला. "मार्तिनच्या धाकट्या भावाचा नातू."

बाईंनी आधी त्याचं नाक पाहिलं. मग त्यांचा रंग उडाला. "आणि घर?"

"उभं आहे. तीन दिवस तुम्ही त्यातच झोपताय."

"आणि तो दगड?"

"तो माझा आहे," कोल्दो मागून म्हणाला. "डुकरांच्या गोठ्याचा. पण राहू द्या तुमच्याकडे."

मग बाईंना जे हसू सुटलं ते थांबेचना. त्यांनी एर्रामुनला मिठी मारली, तो रडला, त्याही रडल्या, बिशेंताने "उठला बाई, उठला" म्हणत छातीवर क्रॉस केला आणि फादरांनी आणखी एक बाटली मागवली. एर्रामुनच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतकं हलकं त्याला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मिरच्या उतरवल्या आणि बाईंना सगळं घर हिंडवलं. गोठा, माळा, चीजची खोली, झरा. तो बोलायचा थांबतच नव्हता. बोलता बोलता म्हणाला, आमची एकुलती लेक बिल्बाओ शहरात नोकरीला, तिला मेंढ्यांचा वास सोसत नाही. पुढे म्हणाला, कौलं नवीन आहेत. आणखी पुढे म्हणाला, तुमच्या मुलाला हवा मानवेल इथली.

"तो दातांचा डॉक्टर आहे," बाई म्हणाल्या.

"इथेही लोकांना दात आहेत की."

"नको हो, एर्रामुन," बाई हसत म्हणाल्या. त्याच दुपारी त्यांनी सामान बांधलं.

एर्रामुन त्यांना बसपर्यंत सोडून आला आणि दारापाशी बाकावर बसला. होआकिना घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"गेल्या?"

"गेल्या. पुढच्या वर्षी येते म्हणाल्या, भेटायला."

"आणि घराचं?"

"नको म्हणाल्या. पक्कं."

"मग सुटलास ना एकदाचा?"

"सुटलो," एर्रामुन म्हणाला. एक शेंग उचलून त्याने उगाच हातात फिरवली. मग म्हणाला, "पण काय गं, नुसतं 'बघते' म्हणायला काय जात होतं तिचं?"